एस्टिमेटच्या आधीची बैठक

इंदूरच्या सुदामा नगर परिसरात राहणाऱ्या एका भगिनीने विचारले आहे की, 2027 मध्ये अपेक्षित असलेल्या नगर निगमाच्या निवडणुकीत त्यांनी आपल्या वॉर्डातून उभे राहावे असा शेजाऱ्यांचा आग्रह आहे. त्या शिक्षिका होत्या आणि राजकारणाचा अनुभव नाही. तर पार्षदाने, म्हणजे नगरसेवकाने, मोहल्ल्याचा विकास करायचा म्हणजे रोजच्या रोज नेमके काय करायचे, आणि लोकसहभाग म्हणतात तो प्रत्यक्षात कोणत्या कामात, कोणत्या दिवशी घडवून आणायचा?

ताई, मी ह्या शहरात दोन वेळा पार्षद होते आणि त्याच्या आधी व नंतरही रहवासी संघांच्या आणि बस्तीतल्या, म्हणजे झोपडवस्तीतल्या, समित्यांच्या कामात राहिले. तुमच्या प्रश्नातला ‘कोणत्या दिवशी’ हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटला, कारण लोकसहभागाला खरोखरच एक ठरावीक वेळ असते. ती वेळ म्हणजे कामाचे एस्टिमेट, म्हणजे खर्चाचे अंदाजपत्रक, तयार होण्याआधीचे आठ-पंधरा दिवस. त्या दिवसांत लोकांना विचारले तर त्यांचे म्हणणे कामात उतरते. ते दिवस निघून गेल्यावर कितीही मोठी सभा घेतली तरी लोक फक्त ऐकून घेण्यापुरते उरतात. मला हे कळायला पहिल्या कार्यकाळाची जवळजवळ तीन वर्षे लागली, म्हणून जरा विस्ताराने सांगते.

आधी अधिकाराचे बोलू. इंदुरात आज 85 वॉर्ड आहेत आणि ते वेगवेगळ्या झोनमध्ये, म्हणजे निगमाच्या विभागीय कार्यालयांत, वाटलेले आहेत. 2014 मध्ये आसपासची 29 गावे शहरात आली आणि वॉर्ड 69 चे 85 झाले. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 20 लाखांच्या घरात होती, म्हणजे त्या हिशेबानेही एका पार्षदाच्या वाट्याला सरासरी 23 हजार माणसे येतात, आणि त्यानंतर शहर पुष्कळ वाढले आहे. मध्य प्रदेश नगरपालिक निगम अधिनियम, 1956 ह्या कायद्यावर आपले सगळे काम चालते. महापौर थेट मतदारांनी निवडलेला असतो, कार्यकारी निर्णय महापौर परिषद आणि आयुक्त घेतात, आणि साध्या पार्षदाला झोनवरच्या कर्मचाऱ्यालाही स्वतःच्या सहीने आदेश देता येत नाही. पार्षद परिषदेत प्रश्न विचारू शकतो, बजेटवर बोलू आणि मत देऊ शकतो, कामांची मागणी व शिफारस करू शकतो, आणि आपल्या वॉर्डासाठी ठरलेल्या निधीतून कोणते काम आधी व्हावे हे सुचवू शकतो. निवडून आल्यावर हे समजते तेव्हा बऱ्याच जणांचा हिरमोड होतो. माझाही झाला होता. पण कोणते काम आधी व्हावे हे सुचवण्याचा अधिकार लहान नाही. तो वापरायचा कसा, एवढेच शिकावे लागते.

एखाद्या गल्लीच्या रस्त्याचे काम कसे पुढे सरकते ते पाहा. मागणी आली की झोनचा उपयंत्री, म्हणजे कनिष्ठ अभियंता, जागेवर येतो, टेपने लांबी-रुंदी घेतो आणि शासनाच्या दरसूचीप्रमाणे एस्टिमेट मांडतो. त्यावर वरच्या यंत्र्यांची तांत्रिक स्वीकृती होते, मग रकमेच्या मर्यादेनुसार प्रशासकीय स्वीकृती, मग टेंडर, मग वर्क ऑर्डर, आणि त्यानंतर भूमिपूजनाचा नारळ. मोहल्ल्यातल्या लोकांना पहिले आमंत्रण मिळते ते ह्या नारळाच्या वेळी. तिथे एखाद्या आजोबांनी उठून सांगितले की पावसाचे पाणी ह्या टोकाला नाही, त्या टोकाला तुंबते, तरी कुणाच्या हातात काही राहिलेले नसते, कारण एस्टिमेटमध्ये पावसाच्या पाण्याच्या लाइनसाठी एक रुपयाही धरलेला नसतो. बदल करायचा तर सुधारित एस्टिमेट, पुन्हा स्वीकृती, पुन्हा काही महिने. ठेकेदार तोवर थांबत नाही, आणि खरे सांगायचे तर मोहल्लाही थांबायला तयार नसतो.

माझ्या हातून अशीच एक मोठी चूक झाली. साठ-सत्तरच्या दशकात बांधलेल्या बैठ्या घरांची एक गल्ली माझ्या वॉर्डात होती. ओटे ठेंगणे, दारात तुळशीवृंदावन, बहुतेक घरे मराठी. तिथे मी मोठ्या उत्साहाने सिमेंट रोड मंजूर करून आणला. जुना डांबरी थर न खोदता त्याच्यावरच सिमेंट ओतले गेले आणि रस्ता जवळजवळ वीतभर उंच झाला. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात अकरा घरांच्या पुढच्या खोलीत पाणी शिरले. एका घरी मी गेले तेव्हा घरधनी, जे बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले होते, देवघराचा पाट हातात धरून उभे होते. ते मला रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, “वहिनी, मला एकदा विचारायचं तरी होतं.” त्या माणसाने चाळीस वर्षे रस्त्यांचे उतार काढले होते, तो त्याच गल्लीत राहत होता, आणि मी त्याला भूमिपूजनाच्या दिवशी पेढा दिला होता.

त्यानंतर मी एक नेम केला आणि दुसऱ्या कार्यकाळात तो एकदाही मोडला नाही. एस्टिमेटसाठी उपयंत्री ज्या दिवशी माप घ्यायला येईल, तो दिवस दोन दिवस आधी गल्लीत घरोघर सांगायचा. माप झाल्यावर नव्या रस्त्याची उंची प्रत्येक फाटकावर आणि ओट्यावर खडूने रेघ मारून दाखवायची. नकाशा आणि लेव्हल शीट लोकांना वाचता येत नाही, पण आपल्या उंबऱ्याच्या वर खडूची रेघ आली की प्रत्येक घरातली आजीसुद्धा प्रश्न विचारते. एका गल्लीत त्या रेघेमुळे जुना थर खोदून काढण्याची रक्कम एस्टिमेटमध्ये घातली गेली. दुसऱ्या गल्लीत लोकांनीच सांगितले की रस्ता दोन वर्षे थांबवा, आधी ड्रेनेजची लाइन बदला, कारण चेंबर दर पंधरा दिवसांनी उभरते, म्हणजे तुंबून वर वाहते. रस्ता नको म्हणणारा मोहल्ला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. क्रम तोच बरोबर असतो: आधी ड्रेनेज, मग नर्मदेच्या पाण्याची लाइन आणि घरांची कनेक्शने, मग पावसाच्या पाण्याची लाइन, आणि सर्वांत शेवटी रस्ता. हा क्रम कागदावर सर्वांना मान्य असतो, पण निधी वेगवेगळ्या योजनांतून वेगवेगळ्या वर्षी येतो, म्हणून तो मोडतो. तो सांभाळण्यासाठी वॉर्डात कुणाला तरी चिकाटीने नन्नाचा पाढा वाचावा लागतो, आणि एकट्या पार्षदाला ते जमत नाही. गल्लीच्या सह्या पाठीशी असतील तर जमते.

पाण्याचा विषय ह्याहून नाजूक आहे आणि त्यावर मी जरा थांबणार आहे. इंदुरात नर्मदेचे पाणी आले ते 1970 मध्ये लोकांनी केलेल्या आंदोलनामुळे. 1978 मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. सुमारे 70 किलोमीटरवरच्या जलूदहून विंध्याचा चढ चढवून ते पाणी शहरात आणावे लागते, त्यावर विजेचा प्रचंड खर्च होतो, आणि म्हणून बऱ्याच भागांत ते एक दिवसाआड, ठरलेल्या वेळेपुरते मिळते. नळाची लाइन अशी दिवसातून बराच काळ रिकामी राहते तेव्हा तिच्यातला दाब नाहीसा होतो. अशा वेळी पाइपला कुठे बारीक भेग असेल, किंवा घराचे कनेक्शन नालीतून गेले असेल, तर बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. त्यातच कुणी नळाला थेट मोटर लावली की ती ओढ कैकपटीने वाढते, आणि मोटर एका घरात असली तरी दूषित पाणी शेजारच्या चार घरांत जाते. मोहल्ल्यात उलट्या-जुलाब सुरू झाले की लोक टाकी आणि फिल्टर प्लांटला दोष देतात. पण दोष पुष्कळदा आपल्याच गल्लीत, कुणाच्या तरी ओट्याखाली असतो.

आता ह्यात पार्षदाने काय करायचे? लाइन बदलण्याची मागणी करायचीच, पण ती लाइन बदलेपर्यंत गल्लीने काय करायचे हे गल्लीलाच ठरवावे लागते. आम्ही एका भागात स्त्रियांची बैठक घेऊन प्रत्येक घराचे कनेक्शन कुठून जाते त्याची वही केली. नालीतून जाणारी किती, गंजलेली किती, थेट मोटर लावलेली किती. पहिल्या बैठकीत मोटर कुणाकडेच नव्हती. तिसऱ्या बैठकीत एका घरच्या सुनेने स्वतः सांगितले की आमच्याकडे आहे, आणि नाही लावली तर वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही. तिथून खरी चर्चा सुरू झाली. शेवटी असे ठरले की जमिनीलगत एक छोटी टाकी करून नळाचे पाणी तिच्यात घ्यायचे आणि तिथून मोटरने वर चढवायचे, म्हणजे लाइनला ओढ लागत नाही. ज्यांना खर्च झेपत नव्हता त्यांना शेजाऱ्यांनी हातभार लावला. निगमाच्या पथकाने येऊन मोटरी जप्त केल्या असत्या तर आठ दिवसांनी नव्या आल्या असत्या. त्याच वहीच्या आधारे पुढे कनेक्शने बदलण्याचे एस्टिमेट झाले आणि उपयंत्र्याने मला सांगितले की इतकी नेमकी माहिती त्याला पूर्वी कधी मिळाली नव्हती.

काम पार पडून पुढे देखभाल न झाल्याचे एक मोठे उदाहरण आपल्या शहराच्या इतिहासात आहे आणि ते तुम्ही अवश्य अभ्यासावे. 1990 च्या सुमारास ब्रिटिश सरकारच्या मदतीने इंदूरच्या 180 हून अधिक बस्त्यांत ड्रेनेज, पाणी, रस्ते आणि दिवे देण्याचा प्रकल्प झाला. अभियंता हिमांशु पारीख यांची कल्पना अशी होती की आपल्या बस्त्या बहुतेक नदी-नाल्यांच्या काठी, म्हणजे पाणी स्वाभाविकपणे वाहते त्या वाटांवर वसलेल्या आहेत. म्हणून शहराची ड्रेनेज व्यवस्था त्यांना वगळून न करता त्यांच्यातून जोडत नेली तर बस्तीही सुधारते आणि शहराचीही सोय होते. कल्पना फार सुंदर होती आणि तिला 1998 मध्ये आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. पण पुष्कळ घरांनी आपली कनेक्शने त्या लाइनला जोडलीच नाहीत, कित्येक ठिकाणी लाइन चोंदल्या, आणि देखभाल कुणी करायची, बांधणाऱ्या यंत्रणेने, निगमाने की बस्तीने, हे स्पष्ट झाले नाही. मला अशा बस्त्यांत काम करताना म्हाताऱ्या बायका जुनी चेंबरची झाकणे दाखवून सांगत, “लाइन टाकताना आम्हाला कोणी काही सांगितलं नव्हतं.” एवढ्या चांगल्या अभियांत्रिकीला मोहल्ल्याशी आधी बोलण्याची जोड मिळती तर आज चित्र वेगळे दिसले असते, असे मला मनापासून वाटते.

ह्याउलट ज्याचे नाव देशभर झाले ती आपली स्वच्छता पाहा. 2016 च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर 25 व्या क्रमांकावर होते आणि 2017 मध्ये पहिले आले, तेव्हापासून ते वरच राहिले. बाहेरगावचे लोक मला विचारतात की हे दंडाने झाले का. दंड होता, पण आधी काय झाले ते महत्त्वाचे आहे. घरोघरचा कचरा उचलण्याचा प्रयोग सुरुवातीला फक्त दोन वॉर्डांत केला गेला. तिथे गाडी ठरलेल्या वेळी येते, रोज येते, सणाच्या दिवशीही येते, हे लोकांना दिसले, आणि मग तो 85 वॉर्डांत नेला गेला. रस्त्यावरच्या कचरापेट्या हटवल्या त्या गाडीवर विश्वास बसल्यानंतर. आज ओला, सुका, प्लॅस्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक आणि ई-कचरा असे सहा प्रकार लोक घरीच वेगळे करतात, आणि ओल्या कचऱ्यावर चालणारा दिवसाला 550 टन क्षमतेचा बायो-सीएनजी प्रकल्प देवगुराडियाला 2022 मध्ये सुरू होऊ शकला, कारण त्याला लागणारा स्वच्छ ओला कचरा घराघरातून येत होता. पार्षद म्हणून ह्यातून मी एक गोष्ट उचलली: कोणतीही नवी रीत आधी दोन गल्ल्यांत करून पाहायची, ती तिथे नीट चालेपर्यंत तिचा गाजावाजा करायचा नाही, आणि मग दुसऱ्या गल्लीच्या लोकांना तिथे चहाला घेऊन जायचे.

ह्या शहराला तो धडा नवा नव्हता, हे सांगण्याचा मोह मला आवरत नाही. प्लेगच्या काळात, होळकर दरबाराने बोलावलेल्या पॅट्रिक गेडिस ह्या स्कॉटिश नगररचनाकाराने इथे दिवाळीची एक अपूर्व मिरवणूक काढली होती. तिचा मार्ग ठरलेला नव्हता. ज्या रस्त्यावरची सर्वांत जास्त घरे झाडलोट करून, डागडुजी करून, रंगवून तयार असतील त्या रस्त्याने ती जाणार असे जाहीर झाले होते. घराघरांत चढाओढ लागली. मिरवणुकीत सफाई कामगार स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, हार घालून, आपल्या सजवलेल्या गाड्यांसह सन्मानाने चालले, प्लेगच्या उंदराची भलीमोठी प्रतिमा होती, आणि घरी लावायला तुळशीची रोपे वाटली गेली. 1918 मध्ये त्याने दरबाराला दिलेल्या अहवालात तर नगररचनेच्या पुष्कळ सूचना आहेत, पण त्याने मोहल्ल्याला आधी मानाने सामील करून घेतले आणि मग नकाशा पुढे ठेवला, हे मला त्याहून मोठे वाटते. तुम्ही शिक्षिका होता. मुलांना काय आवडेल हे ओळखून धडा सुरू करण्याची तुमची सवय इथे फार कामाला येईल.

बैठकीबद्दल काही सांगते, कारण हे कुठल्याही नियमावलीत सापडत नाही. राज्यघटनेच्या 74 व्या दुरुस्तीने 3 लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत वॉर्ड समित्यांची तरतूद केली, आणि आपल्या राज्याच्या कायद्यात त्याखाली मोहल्ला समितीचीही सोय आहे. ह्या समित्या तुमच्या भागात चालू असोत वा नसोत, तुम्ही आपल्या पातळीवर गल्लीची बैठक घेऊ शकता. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. एकच बैठक सगळ्या वॉर्डासाठी ठेवू नका. तिथे नेहमीचेच सात-आठ गृहस्थ बोलतात आणि बाकीचे घड्याळ पाहतात. चाळीस-पन्नास घरांची बैठक घ्या, कुणाच्या तरी ओट्यावर किंवा अंगणात घ्या. घरकाम करणाऱ्या बायकांना रात्री आठनंतर वेळ असतो, गृहिणींना दुपारी चारच्या सुमारास, हातठेलेवाल्यांना दुपारी दोन ते चार. आणि ज्या सकाळी नर्मदेचे पाणी येते त्या सकाळी कुणालाच नसतो. बैठकीत तुम्ही शेवटी बोला. जे ठरले ते तिथेच वहीत लिहा, मोठ्याने वाचून दाखवा आणि दोघा-तिघांच्या सह्या घ्या. पुढच्या बैठकीची सुरुवात त्याच पानापासून करा, विशेषतः जे झाले नाही ते आधी सांगा. काम का झाले नाही हे खरेखुरे सांगितले तर लोक समजून घेतात. लपवले की मात्र पुढच्या वेळी येत नाहीत.

आपल्या मराठी माणसांविषयी थोडे कठोर बोलते. आपल्याला हळदीकुंकू, गणेशोत्सव, व्याख्यानमाला, भजनी मंडळ अशा तयार जागा आहेत, आणि स्त्रियांपर्यंत पोचायला संक्रांतीच्या हळदीकुंकवाइतकी चांगली जागा नाही. मी पाण्याच्या वहीचे काम तिथूनच सुरू केले होते. पण माझ्या पहिल्या दोन वर्षांत माझ्या बैठका न कळत फक्त मराठी घरांच्या झाल्या. वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला निमाडकडून आलेल्या मजुरांची बस्ती होती, सिंधी दुकानदार होते, मुसलमान कारागिरांची एक गल्ली होती. तिथल्या एका भाभींनी मला स्वच्छ सांगितले, “आप तो उधर की पार्षद हैं।” त्या दिवसापासून मी प्रत्येक महिन्याची पहिली बैठक त्या टोकाला घेऊ लागले. सुमित्राताई महाजनांनी 1984-85 मध्ये ह्याच निगमात उपमहापौर म्हणून काम केले आणि पुढे आठ वेळा लोकसभेत इंदूरचे प्रतिनिधित्व केले. सर्व समाजांच्या घरांत त्या ‘ताई’ म्हणून ओळखल्या गेल्या, ही गोष्ट आपल्या समाजातून राजकारणात येणाऱ्या प्रत्येक स्त्रीने ध्यानात घ्यावी.

स्त्री पार्षदाबद्दलही स्पष्ट लिहिते. आपल्या राज्यात नगरीय संस्थांतल्या अर्ध्या जागा स्त्रियांसाठी आहेत, आणि तरीही ‘पार्षदपती’ हा शब्द इंदुरात सर्वांच्या ओळखीचा आहे. फोन यजमानांकडे, लेटरहेड यजमानांकडे, झोनच्या बैठकीत खुर्चीवर यजमान. तुमच्या घरी असे होणार नाही असे गृहीत धरू नका. आधीच बोलून घ्या. माझ्या यजमानांनी मला पुष्कळ मदत केली, पण फोन माझ्याकडे राहील आणि साइटवर मी जाईन, हे आम्ही अर्ज भरण्याआधी ठरवले होते. उपयंत्र्याशी बोलताना तांत्रिक शब्द अडतात अशी भीती वाटते. सहा महिन्यांत ते शब्द येतात. नाही समजले की ‘पुन्हा सांगा’ म्हणायला वर्गात मुलांना आपणच शिकवतो.

काम सुरू झाल्यावर लोकसहभागाचा दुसरा, छोटा टप्पा येतो, तो देखरेखीचा. एस्टिमेटची एक प्रत, सिमेंटचा थर किती, खाली गिट्टी किती, तराई किती दिवस करायची, हे साध्या भाषेत लिहून गल्लीच्या तोंडाशी लावा. सिमेंट रोडची तराई, म्हणजे ओला ठेवण्याचे काम, ठेकेदाराच्या माणसांकडून हमखास राहून जाते. आमच्या गल्ल्यांत ती कॉलेजच्या मुलांनी पाळीपाळीने केली आणि ते रस्ते शेजारच्या रस्त्यांपेक्षा उघडपणे जास्त टिकले. पैसे मोजमाप पुस्तिकेवरून दिले जातात, म्हणून माप घेताना गल्लीतले दोघे जण हजर राहतील असे पाहा. माहितीचा अधिकार कायदा, 2005 केवळ कागद मागण्यापुरता नाही. चालू कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही त्यात आहे, हे फार कमी लोकांना माहीत असते. आणि काम संपल्यावर दोष दुरुस्त करण्याची ठेकेदाराची जबाबदारी किती काळ आहे ते त्याच फलकावर तारखेसह लिहा, म्हणजे खड्डा पडला की कुणाला बोलवायचे ते सर्वांना कळते.

रोजच्या तक्रारींसाठी ‘इंदौर 311’ हे ॲप, 181 ही मुख्यमंत्री हेल्पलाइन आणि मंगळवारची जनसुनवाई, म्हणजे अधिकाऱ्यांपुढे तक्रार मांडण्याची बैठक, आहे. ज्याला ॲप जमते त्याला ते स्वतः वापरायला शिकवा, कारण तक्रार त्याच्या नावाने गेली की ती बंद झाल्याचा निरोपही त्यालाच येतो. पेन्शन, समग्र आयडी (राज्य शासनाचा कुटुंब-ओळख क्रमांक), नामांतरण (मालमत्तेवरचे नाव बदलणे) ही कामे तुमच्या कार्यालयात येतच राहतील. त्यासाठी आठवड्याचे दोन ठरलेले दिवस आणि एक शांत, हिशेबी सहायक ठेवा, नाहीतर सगळा आठवडा त्यातच जाईल. भाजीच्या हातठेल्यांवरून मोहल्ल्यात भांडणे होतात तेव्हा एक लक्षात असू द्या की पथविक्रेत्यांच्या 2014 च्या कायद्यानुसार शहर विक्रय समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांमधूनच असावे लागतात. ठेलेवाल्यांना बाजूला ठेवून घेतलेला निर्णय कायद्यालाही धरून नसतो आणि टिकतही नाही.

एक गोष्ट मात्र कोणत्याही कामाच्या आधी करा. तुमच्या वॉर्डातल्या जुन्या विहिरी, बावड्या (पायऱ्यांच्या विहिरी), बुजवलेले नाले आणि बागांमधली बांधकामे ह्यांची यादी म्हाताऱ्या माणसांना विचारून तयार करा. 30 मार्च 2023 ला, रामनवमीच्या दिवशी, पटेल नगरातल्या मंदिरात बावडीवरचा स्लॅब कोसळला आणि 36 माणसे गेली. पूजेला बसलेल्या कित्येकांना आपण बावडीवर बसलो आहोत हे ठाऊकच नव्हते, आणि रहिवाशांनी त्या बांधकामाबद्दल आधी तक्रारीही केल्या होत्या. मी त्या भागाची पार्षद नव्हते, पण त्या रात्री मी माझ्या जुन्या वह्या काढून पाहिल्या. माझ्या वॉर्डातल्या तीन झाकलेल्या विहिरींचा उल्लेख त्यांत होता, आणि त्यांपैकी एकीची जागा आता नेमकी कुठे आहे हे मला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि त्याच गल्लीतल्या दोन आजीबाई काठी घेऊन ती शोधायला गेलो. ती एका खाजगी वाहनतळाखाली सापडली. आम्ही लेखी अर्ज दिला, शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या, आणि तिच्याभोवती तात्पुरते का होईना कठडे लागेपर्यंत रोज जात राहिलो.

निवडणुकीला वेळ आहे, म्हणून तुम्ही आजच सुरुवात करू शकता असे एक काम सांगते. येत्या पावसाळ्यात, पहिल्या मोठ्या पावसानंतर तासाभरात छत्री घेऊन आपल्या वॉर्डाच्या सगळ्या गल्ल्यांतून चाला. पाणी कुठे थांबते, कुठल्या उंबऱ्यापर्यंत येते, कोणते चेंबर उभरते ते वहीत लिहा, आणि ज्यांच्या दारात थांबाल त्यांना विचारा की हे कधीपासून होते. उन्हाळ्यात टेपने घेतलेल्या मापात ही माहिती कधीच येत नाही. निवडून आलात तर पहिले एस्टिमेट त्या वहीवरून करायला सांगा. नाही आलात तर ती वही जो कुणी पार्षद होईल त्याच्याकडे, गल्लीतल्या चार जणांना सोबत घेऊन, स्वतः नेऊन द्या.